सकारलेली हुंडी

सोलापूरच्या व्यापारी घरांत शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आजही घरातल्या वडीलधाऱ्याचे घ्यावे तसे घेतले जाते. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरात, जैन कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थाने बांधकाम, साखर, जहाजे आणि मोटारी यांबरोबर विमानांचाही कारखाना काढला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची स्थापना झाली. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, सरकारने कारखाना आपल्या हाती घेतला. १९६४ मध्ये त्याचेच ‘हिंदुस्थान एअरोनॉटिक्स’ झाले. भारतीय हवाई दलाची मिग जातीची लढाऊ विमाने पुढे याच कंपनीच्या नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात तयार होऊ लागली.

कारखान्याची ही कथा समाजाच्या सभा-समारंभांत पुष्कळदा सांगितली जाते. त्या विमानात बसणाऱ्या माणसाची कथा मात्र आपल्या घरांत क्वचितच निघते. त्याचे कारण उघड आहे. जेथे दिवेलागणीपूर्वी जेवण उरकते आणि पाणी गाळून प्यायले जाते, तेथे शस्त्र हाती घेणाऱ्याविषयी आदर असला तरी थोडा संकोचही असतो. वास्तविक आपल्या आचार्यांनी श्रावकाचा विचार करताना हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले. देशाचे व आश्रितांचे रक्षण करताना नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा त्यांनी संकल्पपूर्वक केलेल्या हिंसेहून वेगळी मानली. एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ध्वनीच्या वेगाने उडणाऱ्या यंत्रात बसून, समोरच्याला पाडणे हेच ज्याचे काम, त्याच्या मनात समोरच्याविषयी करुणा शिल्लक राहू शकते काय? या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याच्या एका मराठी वैमानिकाच्या आयुष्यात सापडते.

ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर पारुळकर १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. १९६३ च्या मार्चमध्ये ते हवाई दलात दाखल झाले होते. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने त्यांच्या विमानाला इजा झाली आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. तुकडीच्या प्रमुखाने विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला दिला. पारुळकरांनी तसे न करता ते मोडके विमान तळावर परत आणले. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. त्यांच्या पराक्रमाचे वर्णन येथे अधिक करण्याचे कारण नाही. ज्या घटनेने त्यांचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले, ती पुढच्या युद्धातली आहे.

१० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानच्या हद्दीत पाडले गेले. हवाई छत्रीने खाली उतरलेले पारुळकर कैद झाले आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत पोहोचले. तेथे भारतीय हवाई दलाचे एकूण बारा अधिकारी जमा झाले. सर्वांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएल्हो. स्क्वाड्रन लीडर जाफा यांच्या पाठीच्या कण्याला इजा झालेली. पेठिया यांच्या बरगड्या मोडलेल्या व फुप्फुसाचा आजार जडलेला. कोणी शीख, कोणी पारशी, कोणी ख्रिस्ती, तर कोणी नागपूरकडचा मराठी. आरंभी प्रत्येकाला एकट्याने कोठडीत ठेवले होते. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, त्यांना प्रथमच एकत्र आणण्यात आले. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान त्या दिवशी कैद्यांसाठी केक घेऊन आले होते.

त्या केकमागे अमुक हेतू होता, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. कैद्यांशी गोड वागून माहिती काढणे ही जुनी रीत आहे, असे म्हणणारे भेटतील. परंतु युद्ध थांबून आठवडा-दीड आठवडा झालेला, अर्धा देश हातचा गेलेला, आणि ज्यांच्यामुळे तो गेला त्यांच्यापैकीच बारा जण समोर बसलेले! अशा वेळी केक कापण्याची कल्पना सुचणे हेच मुळात सोपे नव्हते. कैद्यांनी तो दिवस पुढे आयुष्यभर लक्षात ठेवला, एवढे खरे.

जिनिव्हा करारात युद्धकैद्यांच्या हातखर्चाचीही तरतूद आहे, हे हिशेबी वाचकांना ऐकून गंमत वाटेल. मेजरच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दरमहा ५० स्विस फ्रँकइतकी उचल द्यावी, असे १९४९ च्या कराराचे साठावे कलम सांगते. शत्रूने शत्रूला पगारातली उचल द्यायची आणि हिशेब युद्धानंतर दोन्ही सरकारांनी आपसांत मिटवायचा! रावळपिंडीच्या छावणीतही असे पैसे मिळत. त्यांतून खाण्यापिण्याच्या चार वस्तू येत, आणि काही पैसे मागे टाकले जात. कारण पारुळकरांच्या मनात पहिल्यापासून एकच विचार होता. तो म्हणजे सुटकेचा.

भारताच्या सीमेवर दोन्हीकडचे सैन्य समोरासमोर उभे होते आणि जमिनीत सुरुंग पेरलेले होते. म्हणून पश्चिमेकडे, खैबर खिंडीतून अफगाणिस्तानात जाण्याचे ठरले. महिनोन्महिने तयारी चालली. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केले. उड्डाणाच्या पोशाखातील रबरी पिशव्यांचा उपयोग पाणी साठवण्यासाठी करायचे ठरले. कोठडीच्या भिंतीचा गिलावा खरवडून एकेक वीट सैल केली गेली. १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री, वादळी वारा सुटलेला असताना, पारुळकर, फ्लाइट लेफ्टनंट ग्रेवाल आणि फ्लाइट लेफ्टनंट हरीश सिंहजी त्या भोकातून बाहेर पडले. रस्त्यावर रात्रीचा सिनेमा सुटून माणसे घरी चालली होती. तिघेही त्या गर्दीत मिसळून गेले.

या प्रसंगाचे वर्णन करताना बहुतेक लेखक भिंतीबाहेर गेलेल्या तिघांबरोबर पुढे चालू लागतात. क्षणभर भिंतीच्या आत थांबले पाहिजे. जे मागे राहिले, त्यांना या धाडसातून काय मिळणार होते? सुटका तिघांची होणार आणि सकाळी चौकशीला सामोरे जावे लागणार ते इतरांना, हे प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही मागे राहिलेल्यांपैकी कोणी दगा दिला नाही. भिंत खणली जात असताना गुपित पाळले गेले आणि सकाळपर्यंत पहारेकऱ्यांना काही कळू दिले गेले नाही. भागीदारीच्या धंद्यात नफ्यात वाटा नसताना तोट्याची जबाबदारी घेणारा भागीदार किती जणांना भेटतो? वैमानिकांच्या मैत्रीविषयी बोलताना आकाशातल्या कसरती आठवतात. ती मैत्री खरी दिसली ती या कोठडीत, मागे राहिलेल्यांच्या ठायी.

तिघांनी पेशावरची बस पकडली. तेथून टांग्याने जमरूदला, आणि पुढे बसने लंडी कोतलला. सकाळचे दहाही वाजले नव्हते. सरहद्द आता फार तर आठ किलोमीटरवर होती. तेथे त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, “लंडी खान्याला कसे जायचे?” नकाशावर लंडी खाना हे सरहद्दीजवळचे रेल्वेस्थानक स्पष्ट दाखवलेले होते. परंतु त्या स्थानकाची गाडी इंग्रजांनी १९३२ सालीच बंद केली होती. चाळीस वर्षांपूर्वी मिटलेले खाते नकाशाच्या वहीत मात्र चालूच राहिले होते. त्या काळी पाकिस्तानात अडकलेले अनेक बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटून जात असत. अनोळखी चेहऱ्याची तीन माणसे, अस्तित्वात नसलेल्या ठिकाणाचा पत्ता विचारत आहेत, म्हणजे ती बंगालीच असली पाहिजेत, असा तर्क होऊन तिघांना तहसीलदारापुढे नेण्यात आले.

आपण पाकिस्तानी हवाई दलातील माणसे असून सुट्टीवर फिरायला आलो आहोत, असे तिघांनी सांगितले. ते कोणाला पटले नाही. टोळीवाल्यांचा मुलूख, हातोहाती बंदुका, आणि हेर ठरल्यास न्यायनिवाड्याची वाट कोण पाहणार! त्या अवस्थेत पारुळकरांनी एक विनंती केली. हवाई दलाच्या मुख्यालयात, हवाई दलप्रमुखांचे एडीसी स्क्वाड्रन लीडर उस्मान आहेत, त्यांच्याशी मला फोनवर बोलू द्या. नाताळचा केक आणणारे उस्मान आता छावणीतून बदलून त्या पदावर गेले होते.

आजच्या तरुण पिढीने हुंडी पाहिलेली नसेल. ज्यांच्या आजोबांच्या पेढीवर ती चाले, त्यांना तिचे मर्म ठाऊक आहे. एका गावच्या व्यापाऱ्याने कागदाच्या चिठोऱ्यावर दूरच्या गावच्या पेढीला लिहायचे की, हा कागद आणणाऱ्यास अमुक रक्कम द्यावी. पेढीने ती सकारली तर लिहिणाऱ्याची पत राहिली. नकारली तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरत नसे. त्यातही दर्शनी हुंडी म्हणजे पाहताक्षणी पैसे मोजायचे; विचाराला मुदत नाही. लंडी कोतलच्या कचेरीतून पारुळकरांनी केलेला फोन ही अशीच दर्शनी हुंडी होती. फरक इतकाच की ज्याच्यावर ती लिहिली, त्याच्याकडे लिहिणाऱ्याची एक पैही जमा नव्हती. उलट तो त्याच्याच छावणीतला, त्याच्याच देशाला फसवून पळालेला कैदी होता.

उस्मान यांनी आवाज ओळखला आणि सारा प्रकार क्षणात जाणला. त्यांनी तहसीलदाराला सांगितले, ही आमचीच माणसे आहेत. त्यांना अडकवून ठेवा, पण अंगाला हात लावू नका.

या उत्तराचे दोन भाग आहेत आणि दोन्ही सारख्याच लक्षपूर्वक वाचावे लागतात. ‘सोडून द्या’ असे उस्मान म्हणाले नाहीत. तसे म्हणणे आपल्या देशाशी बेइमानी ठरली असती. ‘ठेवा’ असे म्हणून त्यांनी आपले कर्तव्य केले. ‘हात लावू नका’ ही पुढची चार अक्षरे मात्र त्यांच्यावर कोणी बंधनकारक केली नव्हती. फोन खाली ठेवून ते गप्प राहिले असते, तरी त्यांना जाब विचारणारा कोणी नव्हता. कर्तव्यात कसूर न करता करुणा करता येते, आणि पुष्कळदा तिला एका वाक्याहून अधिक जागा लागत नाही, हे या प्रसंगात दिसते. भावनेच्या भरात शत्रूला सोडून देणारा नाटकात शोभला असता. उस्मान यांचे वागणे अधिक कठीण होते.

पळून जाण्याचा असफल प्रयत्न करणाऱ्या कैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा द्यावी आणि ती तीस दिवसांहून अधिक नसावी, असेही जिनिव्हा करारात आहे. तिघांना एकांतवास भोगावा लागला. पुढे सर्वांनाच लायलपूरच्या तुरुंगात हलवण्यात आले. १ डिसेंबर १९७२ रोजी त्यांनी वाघ्याची सीमा ओलांडली. पारुळकरांना या धाडसाबद्दल विशिष्ट सेवा पदक देण्यात आले.

ही एका माणसाच्या स्वभावाची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून कारगिलकडे वळावे लागते. २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ विमानाचे इंजिन बंद पडले आणि त्यांनी शत्रूच्या ताब्यातील डोंगरात उडी घेतली. त्याच परिसरात मिग-२१ घेऊन उडणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांना परत फिरणे सहज शक्य होते. खाली उतरलेला सहकारी नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी ते तेथेच घिरट्या घालत राहिले. क्षेपणास्त्राने त्यांचे विमान पाडले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. विमानातून उतरल्यानंतर त्यांना जमिनीवर गोळ्या घालण्यात आल्या, असे भारताने शवविच्छेदनाच्या आधारे सांगितले. संकटात सापडून छत्रीने उतरणाऱ्या वैमानिकावर मारा करू नये, हा दंडक पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वैमानिकांत रुजत आला आणि १९७७ मध्ये जिनिव्हा कराराच्या जोडपत्रात शब्दबद्ध झाला. तरी त्याची ही गत.

पण त्याच दिवशी, त्याच डोंगरात, नचिकेता यांना मारहाण करणाऱ्या सैनिकांना एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आवरले. हा आता कैदी आहे, हे त्याने ओळखले. पुढे नचिकेता यांची चौकशी करण्याचे काम पाकिस्तानी हवाई दलाचे वैमानिक कैसर तुफैल यांच्याकडे आले. तुफैल यांनी त्यांना आपल्या खोलीत बसवून चहा मागवला. गप्पांमध्ये घरच्या गोष्टी निघाल्या. नचिकेता शाकाहारी आहेत हे कळल्यावर तुफैल यांनी त्यांच्यासाठी वेगळा शाकाहारी फराळ मागवला. ही हकीकत तुफैल यांनीच नंतर सांगितली आहे. कैद्याच्या ताटात काय जाऊ नये याची चौकशी शत्रूने करावी, याचे मोल आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आठ दिवसांत नचिकेता परत आले.

काही हुंड्या मात्र सकारल्या गेल्या नाहीत, हेही लिहिले पाहिजे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे १९७१ च्या डिसेंबरमध्ये पारुळकरांसारखेच सुखोई-७ घेऊन गेले आणि परतले नाहीत. बेपत्ता असलेल्या ५४ जवान-अधिकाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव आहे. आपल्याकडे असा कोणी कैदी नाही, हे पाकिस्तानचे उत्तर आहे. राष्ट्रीय बॅडमिंटनपटू दमयंती तांबे यांच्याशी त्यांचा विवाह होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. दमयंतीबाईंनी पुढचे सारे आयुष्य चौकशा, अर्ज आणि प्रतीक्षा यांत काढले. तेथे कोणा उस्मानचा फोन लागला नाही.

आणि काही हुंड्या मुदतीच्या असतात. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांना घेऊन एक छोटे नागरी विमान कच्छच्या सीमेकडे निघाले होते. ते चालवत होते हवाई दलातून निवृत्त झालेले जहांगीर इंजिनिअर. त्यांचे बंधू अस्पी इंजिनिअर हे भारताचे हवाई दलप्रमुख राहिलेले. हे नागरी विमान आहे, असे पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन यांनी आपल्या नियंत्रकाला कळवले. खालच्या विमानाने पंख हलवून दयेची खूण केली. काही वेळ आदेशाची वाट पाहिली गेली. आदेश आला तो पाडण्याचा. विमानातील आठही जण मरण पावले.

येथे उस्मान यांच्यासारखी पळवाट नव्हती काय? आदेशापुढे करुणेचे काही चालले नाही, हे कितीही समजून घेतले तरी आठ निरपराध माणसे गेली आणि त्या गोष्टीचे समर्थन होत नाही. कैस हुसेन यांनीही ते पुढे केले असे नाही. ते गप्प राहिले. २०११ मध्ये कैसर तुफैल यांनी, नचिकेतांना फराळ देणाऱ्या त्याच तुफैल यांनी, या घटनेवर एक लेख लिहिला. तो वाचून कैस हुसेन यांच्या मनातली जुनी गोष्ट वर आली. त्यांनी जहांगीर इंजिनिअर यांच्या कन्या फरीदा सिंग यांचा ठावठिकाणा शोधला आणि ५ ऑगस्ट २०११ रोजी त्यांना पत्र लिहिले. आपण आदेशाचे पालन केले, हे सांगून ते थांबले नाहीत. गेलेल्या जीवांबद्दल त्यांनी दुःख व्यक्त केले, आणि त्या घरच्या माणसांना प्रत्यक्ष भेटून सांत्वन करण्याची इच्छा बोलून दाखवली. घटनेला तेव्हा जवळजवळ ४६ वर्षे होत आली होती.

पर्युषणानंतर एकमेकांची क्षमा मागण्याची प्रथा आपल्या घरांत आहे. ज्याच्याशी वर्षभर बोललो नाही, त्याच्या दारी जाणे किती जड जाते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. सरहद्दीपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या, स्वतःच पोरके केलेल्या घराला पत्र धाडणे याहून किती जड असेल! आणि ते उघडून वाचणाऱ्या हातांना तर अधिकच.

फरीदा सिंग यांचे उत्तर पाच दिवसांत गेले. वडिलांच्या जाण्याने घराच्या आयुष्याची दिशाच बदलली, हे त्यांनी लपवले नाही. परंतु ज्याने चाप ओढला त्याच्याविषयी आपल्या घरात कधी द्वेष बाळगला गेला नाही, असे त्यांनी लिहिले. आणि हे पत्र लिहिण्यासाठी धैर्य लागले असेल, हे ओळखून त्याबद्दल कैस हुसेन यांचे आभार मानले.